लिडियाबाईंचं बिनबोलाचं

गुड फ्रायडे जवळ आला की लिडियाबाई चक्रनारायणांचं डोकं फिरायला लागायचं, आणि यात त्यांची काडीइतकीही चूक नव्हती. चूक सगळी गावाची. सोनईपासून आठ किलोमीटरवरच्या त्या गावात चर्चच्या मंडळीची साठ-पासष्ट घरं. एकेचाळीस वर्षं चर्चची पायपेटी वाजवणाऱ्या बाईला ती कशी वाजवायची हे समजावून सांगणारं माणूस त्यातल्या दर घरात निदान एक तरी होतं. बरं, एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळेल तर शपथ.

हा सगळा जाच एका चिजेपायी. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चाले. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार, त्यांवर बोलायला सात वक्ते, आणि दोन वक्त्यांच्या मध्ये एकेक गीत, तबला-झांजांसकट. फक्त सहाव्या आणि सातव्या उद्गाराच्या मध्ये गीत नसे. तिथे सगळ्यांनी गप्प बसायचं आणि लिडियाबाईंनी एकटीनं पायपेटीवर ती चीज वाजवायची. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चमध्ये त्यांच्यासारखाच कुणी पेटीवर बसणारा होता, त्यानं ती रचलेली. त्याचं नाव नोटेशनच्या कागदाच्या फाटक्या कोपऱ्याबरोबर केव्हाच गेलं. चिजेला शब्द नव्हते म्हणून गाव तिला 'बिनबोलाचं' म्हणे.

बाई ते पांढरी पाच हा सा धरून वाजवत. गंधार कोमल, म्हणजे काळी पाच, आणि लय अशी की एका सुरावर एक अख्खा श्वास आत जाऊन बाहेर यावा. पुरती चार मिनिटं वीस सेकंद. माती झाल्यावर माणसं कबरीकडे पाठ करून चालू लागतात आणि थोडा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही, तसं ते होतं. गावात कुणी वारलं आणि प्रेत चर्चमध्ये आणलं की तेव्हाही हेच वाजे. म्हणजे मंडळीतल्या एकूण एक माणसाचं कुणी ना कुणी या सुरांवर गेलेलं होतं. तरी तक्रार करायला यांच्या जिभा मोकळ्याच.

कुणी म्हणे पोरं झोपतात. कुणी म्हणे, बाई, जरा वरच्या पट्टीत घ्या, उठाव येईल. तबला वाजवणारे गोरक्षनाथ दर वर्षी न चुकता येऊन विचारत की मागे हलकासा केरवा धरला तर काय बिघडेल. बाई त्यांना दर वर्षी न चुकता सांगत की त्या चार मिनिटांत तुम्ही बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून या. गोरक्षनाथांना याचा राग येत नसे, हे बाईंना आणखी चीड आणणारं होतं. माणसानं चिडावं तरी, म्हणजे प्रकरण मिटतं.

झेडपीच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. वय सहासष्ट. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगा केविन सुप्याच्या कंपनीत, आठवड्याला एकदा घरी येणारा. घरात बाई आणि सून शॅरन. चुकीचं उत्तर दिसलं की बाईंचा हात अजूनही खडू शोधायचा, आणि गावात तर चुकीच्या उत्तरांचा सुकाळ होता.

पेटी त्यांना वडिलांनी शिकवली. शमुवेल मास्तर मिशनच्या शाळेत शिक्षक. तरुणपणी नगरला मिशनच्या एका मडमेकडे पायपेटी शिकले आणि तिच्या वहीतून बिनबोलाचं हातानं उतरवून घेऊन आले. नोटेशनचा तो कागद त्यांनी पुढे काच लावून फ्रेम करून घेतला. लेकीला मात्र त्यांनी कागदावरून शिकवलं नाही. आपण वाजवायचं, तिनं बघायचं, मग तिनं बोटं ठेवायची, असं चालायचं. पाश्चात्त्य नोटेशन बाईंना वाचता येत नव्हतं आणि तशी वेळही कधी आली नाही. दर गुड फ्रायडेला त्या ती फ्रेम पेटीवर समोर उभी करत. वाचायला नव्हे, वडील समोर असावेत म्हणून.

यंदा मात्र कमिटीनं कहर केला. गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटल्यावर आबासाहेब त्रिभुवनांनी बाईंना ओट्यावर थांबवून घेतलं. आबासाहेब साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले, मंडळीचे सेक्रेटरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेरीच्या वेळा लिहिल्या, त्यामुळे जगातला सगळा उशीर दुसरेच करतात अशी त्यांची पक्की समजूत. शेजारी पाळकसाहेब सुनील भांबळ उभे. ते जामखेडहून बदलून येऊन सातच महिने झालेले, आणि जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवायची एवढंच त्यांनी अजून ठरवलेलं होतं. आबासाहेबांनी कमिटीचा निर्णय सांगितला. उपासना दर वर्षी तीनच्या पुढे जाते, उन्हाचा कडाका, माणसं उपाशी, म्हाताऱ्यांना भोवळ येते. तेव्हा बिनबोलाचं दीड मिनिटात बसवावं, लय वाढवावी. बाईंना ते जमत नसेल तर नवा कीबोर्ड आणलाच आहे, शॅरन वाजवेल.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. हे त्या वर्गात पट्टी हातात घेण्याआधी करत.

"आबासाहेब, पाचवा उद्गार तहानेचा. त्यावर तुम्ही गेल्या वर्षी पस्तीस मिनिटं बोललात. ऐकणाऱ्यांच्या घशाला कोरड पडली, पण तुमची तहान काही भागेना. ते दीड मिनिटात बसवा, मग माझ्याकडे या."

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मग आबासाहेबांकडे पाहून थांबवली. आबासाहेब म्हणाले की निर्णय कमिटीचा आहे, व्यक्तिगत काही नाही. व्यक्तिगत काही नाही म्हणणाऱ्या माणसानं आजवर कुणाचं भलं केलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. त्या गीतांची वही काखोटीला मारून घरी निघाल्या. वाटभर एकच गोष्ट डोक्यात. वडिलांची चीज वडिलांच्या चालीनं राहते, की येत्या शुक्रवारी कीबोर्डच्या त्या काळ्या फळीवर घाईघाईनं उरकली जाते. शुक्रवारी गेली ती गेलीच, पुढच्या वर्षी कोण आठवण ठेवतो?

आणि फळीवर बसणार कोण, तर घरचीच सून. शॅरन नगर शहरात वाढलेली, पियानोच्या परीक्षा दिलेली, सोनईच्या एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवणारी. पोरगी गुणी होती. भांडायला पुरेसं कारण देत नाही हाच तिचा मोठा दोष, असं बाई मनातल्या मनात म्हणत. आज मात्र कारण आयतं मिळालं होतं. संध्याकाळी ती भाकरीला बसली तशा बाई कांदा फोडता फोडता म्हणाल्या की कमिटीला परस्पर होकार देण्याआधी घरात एक शब्द टाकायला काय हरकत होती.

शॅरननं तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं की तिनं होकार दिलेलाच नाही. आबासाहेबांना तिनं तिथल्या तिथे नाही म्हटलं होतं. ते त्यांनी बाईंना सांगितलं नाही, एवढंच.

बाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटायला लागलंही होतं. तेवढ्यात शॅरन म्हणाली, "पण आई, एक सांगू? फ्रेममधला कागद मी मागच्या महिन्यात नीट वाचला. ते असं नाहीच आहे."

असं नाही म्हणजे कसं नाही? शॅरननं हात धुऊन फ्रेम आणली आणि काचेवर बोट ठेवून दाखवलं. सुरुवातीला खूण आहे त्या पट्टीत गंधार शुद्ध येतो, म्हणजे पांढरी सात. कागदभर कुठे कोमल गंधाराची खूण नाही. आणि वर डाव्या हाताला जो परका शब्द लिहिलाय, त्याचा अर्थ उल्हासानं, जलद. ही शोकाची चीज नव्हे. आनंदाची आहे, बहुतेक ईस्टरला वाजवण्याची. बाईंनी वाद घालायला तोंड उघडलं, पण पोरीनं कीबोर्ड काढून कागदात होतं तसं वाजवूनच दाखवलं. मोबाईलमध्ये एक टिकटिक लावली आणि त्या टिकटिकीवर बिनबोलाचं धावत सुटलं. लग्नात नवरी चर्चमधून बाहेर पडताना वाजवावं तसलं काहीतरी. मिनिट-दीड मिनिटात संपलंसुद्धा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आधी ती टिकटिक बंद करायला लावली. मग त्या बोलत सुटल्या. माझ्या बापाला तुझ्या त्या ग्रेडच्या परीक्षा नव्हत्या, पण कान होता. त्यांनी तीस वर्षं हे वाजवलं, मी एकेचाळीस वर्षं. एवढी वर्षं आम्ही दोघं बापलेक शुद्ध-कोमल न कळणारे ठोंबे होतो, आणि तू दीड वर्षापूर्वी या घरात आलीस आणि चूक पकडलीस, असंच ना? शॅरन म्हणाली की ती चूक म्हणत नाहीये, कागदात काय आहे तेवढंच सांगतेय. भाकरी करपली. दोघींनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शॅरन शाळेला गेल्यावर बाईंनी पकड घेतली आणि फ्रेमच्या मागचे खिळे उपटायला बसल्या. खात्री अशी की काचेखाली, पुठ्ठ्याआड दडलेल्या भागात कुठेतरी वडिलांनी 'संथ' लिहिलेलं असणार, आणि ते सुनेच्या नाकासमोर धरायचं. सात खिळे निघाले, आठव्यानं नखाखालचं रक्त काढलं. पुठ्ठा बाजूला झाला. पुढच्या बाजूला काही नव्हतं. कागद उलटा केला तर पाठीवर पेन्सिलीनं, मास्तरांच्या तिरप्या अक्षरात, तीन ओळी होत्या.

'मधली पांढरी सात मुकी झाली आहे. भात्यालाही भोक. मिरजेचा कारागीर येईस्तोवर काळी पाच घ्यावी व सावकाश वाजवावे. फेब्रुवारी १९६३.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पकड जमिनीवर आपटली.

येईस्तोवर. म्हणजे ती तात्पुरती सोय होती. पेटीचा एक सूर बंद पडला म्हणून शेजारचा घेतला, हवा पुरेना म्हणून लय उतरवली, आणि शुद्ध गंधाराची आनंदाची चीज रडकी झाली. पेटी तर पुढे दुरुस्त झाली. बाई दहाव्या वर्षापासून तिच्यावर बसत होत्या, पांढरी सात चांगली खणखणीत बोलत होती, भाता धड होता. पण मास्तर कागद फ्रेममध्ये ठोकून मोकळे झाले आणि चूक तशीच पुढे चालू. गणितात हेच तर त्या जन्मभर पोरांना सांगत आल्या होत्या की पहिल्या पायरीला चिन्ह चुकलं की पुढची सगळी रीत कितीही सुबक असो, शून्य मार्क.

आणि लहानपणचं एक आठवलं तशी त्यांची चीड दुप्पट झाली. शिकताना त्यांचं बोट आपोआप पांढऱ्या सातवर जायचं. ते तिथेच जायला हवं होतं, बोटाला कळत होतं! आणि मास्तर काही न बोलता ते बोट उचलून काळ्या पाचवर ठेवायचे. इतर चुकांना टपली मारायचे, याला कधीच मारली नाही. नुसतं उचलून ठेवायचे. पन्नास वेळा, शंभर वेळा. माणसानं सवयीचं इतकं गुलाम असावं? लेकीला शिकवताना तरी एकदा कागद उघडून बघावा की नाही?

दोन दिवस बाईंचं तोंड बंद होतं, आणि त्या बोलत असत तेव्हापेक्षा ते वाईट होतं. भांडी आपटली जात. कोंबड्यांना नुसते शिव्याशाप. त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक माणूस जात होता. ज्यांना बिनबोलाचं वाजवून पोचवलं ते सगळे. नवऱ्याला पोचवलं त्या दिवशी त्या स्वतः पेटीवर बसल्या होत्या, दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं. ते काय, बंद पडलेल्या सुराच्या सोयीवर? गावाला रडवलं ते भात्याच्या भोकानं? मग आबासाहेब काय वाईट सांगत होते, करा की दीड मिनिटात. बुधवारी सकाळी त्यांनी शॅरनला सांगून टाकलं की शुक्रवारी तू बस, मला त्यात आता काही राहिलेलं नाही. शॅरन म्हणाली की ती बसणार नाही. बाई म्हणाल्या, मग नका कुणी बसू, गोरक्षनाथांना केरवा वाजवू द्या.

तरी एक गोष्ट त्यांना सोडेना. कारागीर आला कधी? चूक किती वर्षांची, हे तरी कळायला हवं. हिशेबी माणसाला उत्तर चुकलं तर चुकलं, पण कुठल्या पायरीला चुकलं हे कळल्याशिवाय जेवण जात नाही. त्या वर्षी बाई पाच वर्षांच्या होत्या, त्यांना काही आठवत नव्हतं. आठवणारं एकच माणूस जिवंत होतं, रंगुबाई. वय सत्त्याऐंशी, बाईंच्या आईच्या शेजारची. बुधवारी ऊन कलल्यावर बाई तिच्याकडे गेल्या. म्हातारी ओट्यावर सुपात मठ निवडत बसली होती. बाईंनी बसताबसताच विचारलं की पेटी दुरुस्त करायला मिरजेचा माणूस आला होता का, आणि केव्हा.

"आला हुता की," रंगुबाई म्हणाली. "त्याच साली, ईस्टरच्या आदी. दोन दिस ऱ्हायला. बनूच्या हातच्या भाकरी खाऊन गेला."

बनू म्हणजे बनुबाई, लिडियाबाईंची आई. तिच्याबद्दल बाईंना माहीत होतं ते एवढंच की ती त्यांच्या लहानपणी बाळंतपणात गेली. फोटो नव्हता. मास्तर तिचं नाव काढत नसत, आणि कुणी काढलं तर उठून जात.

त्याच साली? म्हणजे दोन महिन्यांत पेटी नीट झाली, आणि तरीही? बाई म्हातारीवरच उखडल्या. मग मास्तरांनी पुन्हा नीट वाजवलं का नाही, एवढे का ते विसरभोळे होते? रंगुबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिनं सावकाश सांगायला घेतलं आणि बाई मध्ये मध्ये तोडत राहिल्या, मग तोडायच्या थांबल्या.

मास्तर विसरले नव्हते. कारागीर गेला त्या आठवड्यात ईस्टर आला, आणि सकाळच्या उपासनेत मास्तरांनी ते बिनबोलाचं भरभर, खणखणीत वाजवलं, पांढऱ्या सुरावर. चर्चला काही कळेना हे काय झालं. दोन महिने ते रडकं ऐकून कान सरावलेले, आणि आता एकदम असं उड्या मारत आलं. बनुबाई पहिल्या रांगेत बसली होती, पोटुशी. तिला हसू फुटलं. तोंडावर पदर घेऊन ती हसत राहिली, आणि मास्तर पेटीवरून तिच्याकडे बघून हसले. तेव्हाच्या पाळकांनी नंतर दोघांना बोल लावला म्हणे. श्रावणात बनुबाई गेली. मूलही गेलं.

"मातीच्या दिशी मास्तर सोता पेटीवर बसला," रंगुबाई म्हणाली. "आन् ते पयल्यावानी वाजिवलं. मुकी असताना वाजवायचा तसं. आमाला वाटलं पेटी पुन्ना बिघडली. म्या मागं जाऊन भाता बघितला, चांगला हुता. मंग समजलं. पेटीला काय बी झालं नव्हतं."

बाईंनी विचारलं ते रागानंच, कारण राग हाताशी होता. साठ वर्षं झाली, मला एकदा सांगायला तुझी जीभ का झडली होती?

"मास्तरनं कुनाला बोलू दिलं न्हाई. तो गेल्यावर तू काय कमी हुतीस? तुला कोन सांगतंय." म्हातारीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आन् मला वाटायचं तुला ठावं हाय. तू वाजवतीस तसं ठावं असल्याबिगर कोन वाजवल?"

बाई घरी आल्या. शॅरन दारात होती, तिनं विचारलं काय झालं. काही नाही म्हणून बाई आत गेल्या आणि बराच वेळ मोरीचा नळ सोडून ठेवला. साठ वर्षं घरात आईबद्दल एक शब्द निघाला नाही, आणि दर वर्षी, दर मातीला, आपण तिचंच वाजवत होतो, हे त्यांना सहन होईना. बापाचा त्यांना भयंकर राग आला. सांगता आलं नसतं का? एकदा? बोट उचलून काळ्या पाचवर ठेवताना, की बाळ, हे तुझ्या आईचं आहे? आणि त्याच वेळी आपल्या बोटावरची वडिलांची पकड आठवून बाईंना रडू फुटलं. ती पकड चूक सुधारणाऱ्या मास्तराची नव्हतीच.

शुक्रवारी बाई साडेअकरालाच जाऊन पेटीवर बसल्या. कमिटीशी बोलायला गेल्या नाहीत. शॅरन कीबोर्डला हात लावायला तयार नव्हती, तेव्हा आबासाहेबांकडे दुसरा इलाज नव्हता. त्यांनी बाईंचं दीड मिनिट गृहीत धरून कार्यक्रम आखला आणि स्वतः तहानेवर चाळीस मिनिटं बोलले. बाहेर ऊन पेटलं होतं, पंखे गरम हवा ढवळत होते, पोरं आयांच्या मांडीवर आडवी झाली होती. सहावा उद्गार संपला तेव्हा तीनला पाच कमी होती. पाळकसाहेबांनी बाईंकडे बघून दोन बोटं जवळ आणून दाखवली, आटोपतं घ्या म्हणून. बाईंनी फ्रेमकडे पाहिलं आणि पायानं भाता भरला.

त्यांनी ते पूर्ण वाजवलं. एका सुरावर एक श्वास, नेहमीसारखं. पण नेहमी त्यांचं लक्ष लय धरून ठेवण्यावर, मागून येणाऱ्या खोकल्यांवर, कोण उठून चाललंय यावर असे. आज दर वेळी बोट काळ्या पाचवर जाताना त्यांना ठाऊक होतं की ते तिथे का जातंय. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हताच, तो आता कुठून येणार, पण पहिल्या रांगेत तोंडावर पदर घेतलेली एक पोटुशी बाई त्यांना सारखी दिसत होती. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटचा सूर आला. तिथे काळी पाच लागायची. ठरवलेलं काही नव्हतं, पण बोट तिच्यावरून सरकलं आणि शेजारच्या पांढऱ्या सातवर जाऊन थांबलं. बाईंनी ते उचललं नाही. भात्यातली हवा संपेपर्यंत तो सूर धरून ठेवला.

चर्चमध्ये कुणाच्या काही लक्षात आल्यासारखं दिसलं नाही. सातवा उद्गार झाला, प्रार्थना झाली, सगळे मुकाट बाहेर पडले. आबासाहेब मात्र ओट्यावर वाट पाहत होते. त्यांनी घड्याळ दाखवलं नाही, तेवढं शहाणपण त्यांना होतं. फक्त म्हणाले की बाई, वयानं होतं असं, शेवटी तुमचं बोट घसरलं. एरवी बाईंनी त्यांना तिथेच उभं सोललं असतं. आज त्या नुसत्या हो म्हणाल्या. समजावून सांगायचं तर सन त्रेसष्टपासून सुरुवात करावी लागली असती, आणि आबासाहेबांनी मध्येच तहानेचा विषय काढला असता.

शॅरन फ्रेम घेऊन मागून येत होती. दोघी घराच्या वळणाला लागल्या. मग बाईंनी बुधवारी ऐकलेलं सगळं तिला चार वाक्यांत सांगितलं, गणित सांगावं तसं, आणि म्हणाल्या की परवा ईस्टरला ते कागदात आहे तसं वाजलं पाहिजे. शॅरननं डोळे पुसले. तुम्हीच वाजवा ना आई, असं ती म्हणाली.

"मला येत नाही तसं," लिडियाबाई म्हणाल्या. "मला त्यांनी ते कधी शिकवलंच नाही. उद्या तुला सुट्टी आहे ना? मग बस माझ्याजवळ आणि शिकव. आणि ती टिकटिक लावलीस तर बघ."